प्रकल्प नोंदी: कॅनिंग युनिटचे ॲनालॉग इनपुट आणि सड्यावर-व्हाळावर दोन वेगळे अर्थ (अर्थिंग)

१९ एप्रिल

देवगड तालुक्यातलं सड्यावरचं (कातळाच्या पठारावरचं) आंबा कॅनिंग युनिट. पल्पची लाइन पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरवर) आहे. हंगाम लागला आणि पाश्चरायझर त्रास द्यायला लागला. होल्डिंग ट्यूबचं तापमान ९४ अंशांवर स्थिर असायला हवं, स्क्रीनवर ते ९२ आणि ९६ च्या मध्ये नाचतं. ९२.५ च्या खाली आकडा गेला की डायव्हर्जन व्हॉल्व्ह फिरतो आणि पल्प परत बॅलन्स टँकमध्ये जातो. तोच पल्प पुन्हा पुन्हा तापला की रंग काळपटतो, वास उतरतो. हापूसच्या पल्पला भाव मिळतो तो या दोन गोष्टींवरच, त्यामुळे मालकांची घालमेल समजण्यासारखी आहे.

आधी कार्डावर काय काय आहे ते लिहून ठेवतो. सेन्सरचे सिग्नल पीएलसीत घेणारं आठ चॅनेलचं ॲनालॉग इनपुट कार्ड, चॅनेल एकमेकांपासून आयसोलेटेड, म्हणजे विजेच्या दृष्टीने अलग, नाहीत. चॅनेल १ होल्डिंग ट्यूबचं तापमान: पीटी-१०० (तापमानाचा सेन्सर), त्याच्या डोक्यातच ट्रान्समीटर, दोन तारांचा, म्हणजे वीज आणि सिग्नल त्याच तारांतून, ० ते १५० अंशांना ४ ते २० एमए (मिलिअँपिअर). २ वर पल्पचा फ्लो, ३ वर स्टीम प्रेशर, ४ वर केटलची लेव्हल. ५ आणि ६ खालून विहिरीवरून येतात. ५ म्हणजे विहिरीच्या पाण्याची लेव्हल, दोन तारांचा सेन्सर. ६ म्हणजे पाण्याच्या लाइनवरचा मॅग्नेटिक फ्लो मीटर, चार तारांचा, म्हणजे त्याला २३० व्होल्ट तिथेच मिळतात आणि ४-२० एमए तो स्वतः ढकलतो. विहीर व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) आहे, तिथे विजेचं वेगळं कनेक्शन, वेगळा अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा), पंपाला व्हीएफडी (मोटारचा वेग बदलणारा ड्राइव्ह). सड्यावरच्या पॅनेलपर्यंत साधारण ४०० मीटर केबल.

१६ एमएला १५० अंश, म्हणजे ०.१ एमए हलले की जवळपास १ अंश हलला. स्क्रीनवरचं नाचणं दोन्ही बाजूंना ०.२ एमएचं आहे. एवढ्याशा करंटसाठी पल्प परत फिरतोय.

ऑपरेटर याच गावचा. त्याने एक गोष्ट सांगितली ती जशीच्या तशी नोंदवतो: "गेल्या वर्षी पाऊस लागलो तसा ह्या आपसूक गप झाला. उन्हाक काय होता काय माहीत." ऊन आणि पाऊस यांचा ज्या दोषाशी संबंध असतो तो बहुतेक जमिनीत किंवा जंक्शन बॉक्समध्ये असतो. उद्यापासून त्याच बाजूने शोधणार.

२० एप्रिल

सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी. चॅनेल १ ची फिल्डकडची दोन्ही टोकं टर्मिनलमधून काढली आणि तिथे लूप कॅलिब्रेटर लावून १४.०० एमए दिले. गणिताने ९३.७५ अंश दिसायला हवेत. विहिरीचा पंप बंद असताना ९३.७ आणि ९३.८, एवढंच. मग खाली फोन करून पंप सुरू करायला सांगितला. स्क्रीनवर लगेच ९२ ते ९५.५.

ही या कामातली सगळ्यात मोलाची चाचणी. कॅलिब्रेटर बॅटरीवर चालतो, त्याला जमिनीशी घेणंदेणं नाही, पीटी-१०० आणि त्याची केबल तर तोडलेलीच आहे. तरी आकडा नाचतो, म्हणजे दोष चॅनेल १ चा नाही. तो शेजारून येतोय. अशा कार्डात एडीसी (सिग्नलचा आकडा करणारा भाग) एकच असतो, चॅनेल आळीपाळीने त्याच्यासमोर येतात आणि वजा बाजू आतून एक असते. एखाद्या चॅनेलची वजा तार पॅनेलच्या शून्यापेक्षा वरखाली व्हायला लागली की शेजारचे निरपराध चॅनेलही हलतात. मागच्या हंगामात इथे पीटी-१०० बदलला, मग ट्रान्समीटर बदलला, मग केबल बदलली. तिन्ही चांगले होते.

प्रोग्राममध्ये पाहिलं तर चॅनेल १ वर कुणीतरी दहा सेकंदांचा सरासरी फिल्टर टाकून ठेवलाय. तो आज काढला. पाण्याच्या टाकीच्या लेव्हलला असा फिल्टर चालेल. पण पाश्चरायझरचं तापमान खरोखर पडलं तर व्हॉल्व्ह ताबडतोब फिरला पाहिजे, कच्चा राहिलेला पल्प डब्यात जाता कामा नये. डबा उघडणारा माणूस कुठल्या तरी शहरात असतो, त्याला आपला फिल्टर दिसत नाही.

२१ एप्रिल

आज शील्ड, म्हणजे केबलमधल्या तारांभोवतीचं धातूचं आवरण. विहिरीकडून येणाऱ्या दोन्ही केबलची शील्ड पॅनेलमध्येही अर्थ बारला आणि खाली पंपहाऊसच्या जंक्शन बॉक्समध्येही तिथल्या अर्थला जोडलेली आहे. गळतीचे मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लावला: पंप चालू असताना प्रत्येक शील्डमधून ४० एमएच्या आसपास एसी. शील्डमधून काहीही वाहायचं कारण नाही.

ठरलेला उपाय म्हणजे शील्ड एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला जोडायची आणि दुसरं टोक कापून टेप करायचं. तसं केलं. नाचणं दुप्पट झालं.

वायरमन काका म्हणाले, परत जोडूया. मी थांबवलं, कारण हा फार चांगला पुरावा आहे. शील्ड सोडल्यावर जर जास्त बिघडत असेल तर त्याचा अर्थ असा, की शील्डमधला करंट थांबला नाही, त्याने दुसरी वाट धरली. ती वाट कुठली ते शोधायला क्लॅम्प एकेका तारेभोवती फिरवला. चॅनेल ६ ची, म्हणजे फ्लो मीटरची, वजा तार: शील्ड जोडलेली असताना ६४ एमए, सोडल्यावर १३५ एमए. ज्या तारेतून जास्तीत जास्त २० एमएचा सिग्नल परत यायचा, तिच्यातून त्याच्या सहापटीहून जास्त एसी वाहतोय आणि तो थेट कार्डाच्या समाईक वजा बाजूत ओतला जातोय.

चॅनेल ६ ची दोन्ही टोकं काढली. बाकीचे सगळे चॅनेल तत्क्षणी शांत. पंप पूर्ण वेगात, ऑपरेटर स्क्रीनकडे बघतोय आणि १४ एमएला ९३.७, ९३.८.

मीटरचं ४-२० आउटपुट त्याच्या स्वतःच्या बॉडीपासून आयसोलेटेड नाही, हे मल्टिमीटरने तपासलं. आउटपुटची वजा बाजू आणि बॉडी यांच्यात शॉर्ट. बॉडी खालच्या अर्थला, कार्डाची वजा बाजू एसएमपीएसच्या (पॅनेलच्या डीसी पॉवर सप्लायच्या) वजामार्फत वरच्या अर्थला. सड्यावरचा अर्थ आणि व्हाळावरचा अर्थ आमच्या सिग्नलच्या तारेने एकमेकांना जोडलेले होते, इतक्या दिवसांची सगळी भानगड हीच.

२२ एप्रिल

दोन अर्थमधला फरक मोजला. इथे एक बारकावा आहे. कालपर्यंत सगळं जोडलेलं असताना मीटर लावला असता तर वरचा अर्थ बार आणि खालचा अर्थ यांच्यात अर्धा-पाऊण व्होल्टच दिसला असता, आणि कुणीही म्हटलं असतं की एवढ्याने काय होतंय. करंट तारेतून वाहत असतो म्हणून व्होल्टेज दबलेलं दिसतं. आज दोन्ही शील्ड आणि चॅनेल ६ सोडलेले, आणि केबलमधल्या एका रिकाम्या कोअरने खालचा अर्थ वर आणून मोजला: पंप चालू असताना ६.७ व्होल्ट एसी. पंप बंद केला की जवळपास शून्य.

खाली व्हीएफडीच्या अर्थच्या पट्टीवर क्लॅम्प: ०.१६ अँपिअर. ही गळती व्हीएफडीच्या आतल्या ईएमसी (विजेचा गोंगाट अडवणाऱ्या) फिल्टरमधून आणि मोटारच्या केबलमधून जमिनीकडे जाते. ती बिघाड नाही, व्हीएफडीचा स्वभाव आहे, आणि तिला चांगली वाट दिली तर ती कुणाला त्रास देत नाही. मग पिटची रोध (रेझिस्टन्स) किती? अर्थ टेस्टर लावला. सहायक खिळे मातीत ठोकायचे असतात, पण पंपहाऊसच्या मागे कातळ. खिळा दोन बोटंही जात नाही. व्हाळाच्या कडेने मातीची पट्टी आहे तिथे तारा नेऊन खिळे रोवले, मधला खिळा एकूण अंतराच्या ६२ टक्क्यांवर, मग थोडा पुढे-मागे करून आकडा बदलत नाही याची खात्री केली. ४२ ओहम.

०.१६ गुणिले ४२ म्हणजे ६.७. आकडा आकड्याला मिळाला. काम पुढे न्यायला मला असा मेळ लागतो, नुसतं "नाचायचं थांबलं" एवढ्यावर भागत नाही.

जांभ्याच्या कातळात हे होणारच. जांभा भोकाभोकांचा, पावसाळ्यात पाणी पितो आणि पाऊस गेला की सगळं खाली सोडून देतो. एप्रिल-मेमध्ये कातळातला पिट हाडासारखा कोरडा असतो. पिटमधला जीआय पाइप उकरून पाहिला तर वरच्या हातभरात गंजून पत्रा झालाय. मीठ-कोळशाने सुरुवातीला रोध उतरते, पण तेच मीठ पाइप खातं. खाडीवरचं खारं वारं आहेच.

ऑपरेटरच्या पावसाचा उलगडाही इथेच झाला. काकांनी विहिरीतून कळशी-कळशीने पिटमध्ये पाणी ओतलं आणि मी वरून आकडे बघत बसलो. ६.७ चे ६ झाले, मग ५.२, अर्ध्या तासाने ४.१ व्होल्ट. तेव्हा पिटची रोध साधारण २६ ओहमवर आली असणार. पावसाळ्यात ती आणखी उतरते, गळतीचा मोठा वाटा तिथल्या तिथे जमिनीत जातो, वर कमी येतो, आणि नाचणं ९२.५ च्या वरच राहतं. दोष जात नाही, व्हॉल्व्ह फिरण्याइतका मोठा राहत नाही, एवढंच.

२३ एप्रिल

आज फारसं काम नाही, बोलणंच जास्त झालं, पण ते नोंदवायला हवं.

काकांचा उपाय असा होता: फ्लो मीटरची हिरवी तार काढून टाकूया, मग दुसरा अर्थच राहणार नाही. बरोबर आहे, नाचणं थांबलं असतं. पण त्या मीटरमध्ये २३० व्होल्ट आहेत. उद्या आत फेज बॉडीला लागला तर परतीची एकच वाट उरेल, ती म्हणजे सिग्नलची बारीक तार आणि आमचं कार्ड. कार्ड जळेल, आणि मग मीटरची बॉडी जिवंत राहील. ओल्या पायांनी व्हॉल्व्ह फिरवायला जाणारा माणूस रोज तिथे हात लावतो. सुरक्षेची हिरवी तार सिग्नल सुधारण्यासाठी कधीही, तात्पुरतीसुद्धा, काढायची नाही. हे मी त्यांना मीटरजवळ उभं राहून सांगितलं आणि त्यांनी ते मनापासून ऐकलं.

तेव्हाच दुसरी गोष्ट लक्षात आणून दिली. हिरवी तार आहे म्हणून खाली सुरक्षित आहे असंही नाही. २३० भागिले ४२ म्हणजे जेमतेम साडेपाच अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी साडेपाच अँपिअरवर पडणार नाही. म्हणजे आजच्या पिटवर बॉडीला फेज लागला तर एमसीबी चालूच राहील आणि बॉडीही. पाश्चरायझरच्या आकड्यासाठी आलो होतो, पण माझ्या दृष्टीने पहिलं काम आता हे झालं. मालकांना तसंच सांगितलं. त्यांनी पंपहाऊसचं दार कुलूपबंद करून चावी काकांकडे दिली आणि पिटच्या कामाला लगेच होकार दिला.

आणखी एक सल्ला आधीच्या ठेकेदाराचा कागदावर होता: पीएलसीसाठी "स्वच्छ" असा वेगळा पिट मारायचा आणि तो युनिटच्या बाकी अर्थपासून अलग ठेवायचा. हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो आणि मला तो धोक्याचा वाटतो. सड्यावर वळवाच्या दिवसांत वीज पडते. जवळ पडली की एका पिटचं व्होल्टेज हजारो व्होल्टने उसळतं, दुसऱ्याचं तेवढं नाही, आणि त्यातला फरक शोधतो तो नेमका कार्डाच्या आतला रस्ता. एका इमारतीतले सगळे पिट पट्टीने एकमेकांना बांधलेले हवेत. अर्थिंगचं आपलं मानक, आयएस ३०४३, वाचताना हेच सूत्र धरून वाचावं. पॅनेलमध्ये सिग्नलच्या शील्डसाठी वेगळा बार ठेवा, तो चांगलाच, पण तो शेवटी मुख्य अर्थलाच एका जागी मिळाला पाहिजे.

विहिरीचं मात्र वेगळं. ४०० मीटर पट्टी टाकून ती सड्याच्या अर्थशी एक करणं परवडणारं नाही, आणि टाकली तरी वीज पडेल तेव्हा दोन टोकं एक राहणार नाहीत. जमीन एक करता येत नसेल तर सिग्नल सुटा करायचा. चॅनेल ६ ला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (तारा एकमेकींना न जोडता सिग्नल पुढे देणारा), तिन्ही बाजूंनी आयसोलेटेड: इनपुट, आउटपुट आणि त्याचा स्वतःचा २४ व्होल्ट सप्लाय. मागवताना एक नीट सांगायला लागतं. मीटर स्वतः करंट ढकलतो, म्हणून आयसोलेटरचं इनपुट करंट घेणारं हवं. दोन तारांच्या ट्रान्समीटरसाठीचा, इनपुटला स्वतः २४ व्होल्ट देणारा प्रकार इथे लावला तर दोन सप्लाय समोरासमोर येतात.

कोल्हापूरला ऑर्डर दिली. येईपर्यंत चॅनेल ६ सोडलेलाच. विहिरीच्या फ्लोचा आकडा काका दर पाळीला मीटरच्या डिस्प्लेवरून वहीत लिहितील. पाश्चरायझर आजपासून शांत आहे आणि हंगाम अडलेला नाही.

२७ एप्रिल

फोंडा घाटातून आयसोलेटर आला. पॅनेलमध्ये बसवला, फेरूल मारले, ड्रॉइंगवर लाल पेनाने बदल केला आणि एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवली. चॅनेल ६ जोडला, पंप पूर्ण वेगात: वजा तारेतला एसी क्लॅम्पवर दिसतच नाही. चॅनेल १ स्थिर.

पण खुद्द चॅनेल ६ चा आकडा अजून थोडा हलतो. हा नवा दोष नाही, आधी गोंगाटात दबलेला होता. पाण्याची लाइन एचडीपीईची आहे. मॅग्नेटिक फ्लो मीटर पाण्यात तयार होणारं काही मिलिव्होल्टचं व्होल्टेज मोजतो आणि त्याला पाणी स्वतः कुठल्या पातळीवर आहे ते कळावं लागतं. लोखंडी किंवा एसएस पाइप असता तर पाइपनेच ते कळवलं असतं. प्लास्टिकच्या पाइपमध्ये दोन्ही फ्लँजमध्ये ग्राउंडिंग रिंग हव्यात आणि त्या मीटरच्या बॉडीला जोडलेल्या हव्यात. इथे रिंग नाहीतच. म्हणजे या मीटरला अर्थची गरज इतर कुणाहीपेक्षा जास्त होती, आणि तीच काढायचा विचार चालला होता. रिंग एसएस ३१६ च्या मागवल्या.

४ मे

पिटचं काम. कातळातला जुना पिट ठेवला, पण व्हाळाच्या कडेच्या मातीत ३ मीटरचा तांब्याचा थर असलेला रॉड, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती). जागा निवडताना गावातल्या एका वयस्क शेतकऱ्याला विचारलं की मेअखेरपर्यंत कुठली माती ओली राहते. त्यांनी बोट दाखवलं तिथेच खणलं आणि कंबरभर खाली ओल लागली. नव्या रॉडची रोध ६ ओहम. जुना आणि नवा पट्टीने जोडून एकत्र सव्वापाचच्या आसपास. पंप चालवून दोन अर्थमधला फरक मोजला: ०.८ व्होल्ट.

शिवाय पंपहाऊसला अर्थ लीकेज रिले बसवला, ५०० एमएवर. ३०० एमएचा साधा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) व्हीएफडीच्या १६० एमएच्या गळतीवर उगाच पडत राहिला असता, आणि उगाच पडणारं संरक्षण लोक बायपास करतात. रिलेचं टेस्ट बटण दाबून काकांच्या हातून ट्रिप करून घेतला.

व्हीएफडी ते मोटार केबलची शील्ड मात्र दोन्ही टोकांना जोडली, आणि तीही शेपटीसारखी लांब तार काढून नाही, तर क्लॅम्पने केबलभोवती गोल पकडून. काकांनी विचारलं की मग परवा शील्ड एकाच टोकाला का जोडली. रास्त प्रश्न. सिग्नलच्या केबलमध्ये आपल्याला ५० हर्ट्झचा फिरता करंट नको असतो, आणि तो दोन अर्थ जोडल्याने येतो. मोटारच्या केबलमधला गोंगाट हजारो हर्ट्झचा, तो आपल्या उगमाकडे, म्हणजे व्हीएफडीकडे, परत जायला जवळची रुंद वाट मागतो. ती नाही दिली तर तो शेजारच्या ट्रेमधल्या सिग्नल केबलमधून जातो. मोटार आणि व्हीएफडी एकाच अर्थवर आहेत, त्यामुळे इथे दोन्ही टोकं जोडायला धोका नाही.

१३ मे

काल रात्री वळीव झोडपून गेला. सकाळी ऑपरेटरचा फोन: आकडा नाचत नाही, पण पल्पच्या आउटलेटला हातातला थर्मामीटर लावला की कमी दाखवतो. मुलगा जागरूक आहे, त्याने हे स्वतःहून तपासलं याचा आनंद झाला.

जाऊन पाहिलं. होल्डिंग ट्यूबच्या सॉकेटमध्ये प्रमाणित थर्मामीटर ९३.८, स्क्रीन ९४.९. नाचणं नाही, सरळ १.१ अंश जास्त. अडचणीची दिशा हीच, कारण खरं तापमान ९२ असताना स्क्रीन ९३ दाखवेल आणि व्हॉल्व्ह गप्प राहील. लाइन थांबवायला सांगितलं. मालकांनी कुरकुर न करता थांबवली.

१.१ अंश म्हणजे ०.१२ एमए. दोन तारांच्या लूपमध्ये करंट स्थिरपणे जास्त दिसतो तेव्हा ट्रान्समीटरला समांतर कुठेतरी गळती असते: अधिक तारेतून करंट ट्रान्समीटर चुकवून वजा तारेत जातो आणि कार्ड तो तापमान समजून मोजतं. ट्रान्समीटरवर साधारण २० व्होल्ट असतात, त्यावर ०.१२ एमए म्हणजे १६० ते १७० किलोओहमची गळती.

सेन्सरचं डोकं उघडलं. झाकणाच्या आतून घामासारखे थेंब, टर्मिनलवर पांढरट मिठाचा थर आणि अधिक-वजाच्या मधोमध एक ओलसर हिरवी रेघ. ग्लँड (केबल आत शिरते तिथलं सील) केबलपेक्षा मोठ्या मापाचा आहे आणि केबल वरून खाली आत येते, म्हणजे धुण्याच्या पाइपचं पाणी केबलवरून ओघळून सरळ आत. इथे पाळी संपली की सगळं गरम पाण्याने धुतात, तसं धुतलंच पाहिजे. हवेत मीठ आहे, वळवाने दमटपणा वाढला, गळती उघडी पडली.

ट्रान्समीटर काढून दोन्ही तारा सोडल्या आणि टर्मिनलच्या ब्लॉकवर मल्टिमीटर लावला: १७० किलोओहमच्या आसपास, बोटाने पुसलं तरी बदलणारा. काका मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणायला निघाले होते, त्यांना थांबवलं. मेगर ५०० व्होल्ट देतो. ट्रान्समीटर किंवा कार्ड जोडलेलं असताना तो लावला तर गळतीबरोबर ते दोन्हीही जातील. केबल दोन्ही टोकांनी सुटी केल्यावर मग मेगर केली, ती चांगली आहे.

टर्मिनल ब्लॉक बदलला, केबलच्या मापाचा ग्लँड, डोकं फिरवून केबल खालून घेतली आणि आधी खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. झाकणाचं रबर नवीन. पीटी-१०० च्या जागी रेझिस्टन्स बॉक्स लावून १३६.२३ ओहम दिले, स्क्रीनवर ९४.०. मग खरा सेन्सर लावून थर्मामीटरशी पुन्हा पडताळला, फरक ०.१.

लाइन बंद करण्याआधीच्या पाळीतले डबे बाजूला काढायला सांगितले. ऑपरेटर ज्या थर्मामीटरवर नजर ठेवून होता त्याच्या नोंदी वहीत आहेत, सगळ्यात कमी नोंद ९३.१. मर्यादेच्या वर आहे, तरी त्या लॉटचे नमुने प्रयोगशाळेत पाठवल्यावरच माल हलवायचा, असं मालकांनी ठरवलं.

१४ मे

कालच्या डोक्यासारखीच बाकीची डोकी आणि जंक्शन बॉक्स आज उघडून पाहिले. स्टीम प्रेशरचं ठीक. केटलच्या लेव्हलच्या बॉक्समध्ये ओल, पण टर्मिनल स्वच्छ. ग्लँड बदलले. खाली पंपहाऊसच्या बॉक्समध्ये मुंग्यांचं वारूळ, साफ केलं.

२५ मे

रिंग बसवल्या. चॅनेल ६ आता पाण्यासारखा सरळ चालतो. विहिरीच्या लेव्हलच्या आणि फ्लोच्या केबलला खालच्या टोकाला सर्ज प्रोटेक्टर, वर पॅनेलमध्येही. प्रोटेक्टरची अर्थ तार वळणं न देता, शक्य तितकी आखूड, खालच्याची खालच्या पट्टीला, वरच्याची वरच्या बारला.

९ जून

मृग लागला, पाऊस सुरू झाला. हंगामाचे शेवटचे दिवस, कॅनिंगला येणारा आंबा आता डागी आहे. दोन अर्थमधला फरक आज ०.४ व्होल्ट. चॅनेल १ ला थर्मामीटरशी फरक ०.१, पंप चालू-बंद केला तरी तोच.

काकांबरोबर बसून वर्षभराच्या तपासणीची वही केली. पिटची रोध पावसाळ्यानंतर आणि पुन्हा एप्रिलमध्ये, म्हणजे जमीन सगळ्यात कोरडी असताना मोजायची, आणि उन्हाळ्यातलाच आकडा धरायचा. विहिरीकडच्या शील्डवर आणि सिग्नलच्या तारांवर क्लॅम्प महिन्यातून एकदा. काही मिलिअँपिअरपेक्षा जास्त दिसलं तर कुणीतरी दुसरं टोक पुन्हा जोडलंय असं समजायचं. डोक्यांची झाकणं हंगामाआधी आणि पहिल्या वळवानंतर उघडून बघायची. क्लॅम्प मीटर युनिटनेच विकत घेतला, काकांच्या पेटीत असतो.

एक काम बाकी राहतं. पल्पचा फ्लो मीटर, चॅनेल २, हाही चार तारांचा आणि आयसोलेटेड नसलेला आहे. तो सड्यावरच, एकाच अर्थवर आहे म्हणून आज त्रास नाही. पुढच्या वर्षी मालक नवं शेड बांधून पाश्चरायझर तिकडे हलवणार आहेत. शेडचा पिट मुख्य पट्टीला बांधायचा आणि चॅनेल २ ला आयसोलेटर, हे दोन्ही कोटेशनमध्ये आजच लिहून दिलं.